दिवेघरातला ओटा

३ मार्च, मंगळवार

काम मिळालं. खाणीच्या आवारातल्या जुन्या इमारती सरकार जतन करणार, पर्यटक येणार, त्यांच्यासाठी फलक लिहायचे. सात इमारती, सात फलक. "प्रत्येकी ऐंशी शब्द, वर एकही नको," असं उपसंचालकांनी बजावलं — जणू मला आजवर कोणी शब्द मोजून मागितलेच नाहीत! दैनिकाच्या डेस्कवर जन्म गेला. ऐंशी शब्दांत मी माणसांचे अपघात बसवलेत, शोकसभेसकट.

दैनिकाची इथली आवृत्ती बंद पडली तेव्हापासून माझ्याकडे कोणी काही वेळेत मागितलेलं नाही. उद्घाटन मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तारीख ऐकून बरं वाटलं. तारीख नसली की मला लिहिता येत नाही. ही वही तेवढी अपवाद.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, आता दगडांना पेन्शन लागली म्हणायची.

५ मार्च

आवारात सगळीकडे फिरून आले. लोखंडी मनोरा उभा आहे, वरची दोन्ही चाकं गंजून एकमेकांकडे पाठ फिरवलेली. माणसांचा पिंजरा वर-खाली नेणारा दोर केव्हाच भंगारात गेला. इंजिनघराचं छत अर्धं आहे. न्हाणीघरात, जिथे शिफ्ट संपली की शंभरेक काळी माणसं गोरी होऊन बाहेर पडायची, तिथे आता नळांवर चिमण्यांची घरटी. मग दिवेघर, वजनघर, दवाखाना आणि मॅनेजरचा बंगला. बंगल्याची स्थिती अर्थात सगळ्यांत चांगली.

आमची कामगारांच्या घरांची तिसरी ओळ यादीत नाही. तिथे अजून माणसं राहतात ना! ती गेली की तीही जतन होईल.

वास्तुतज्ज्ञ बाई तरुण आहेत. पायात डोंगर चढायचे बूट, कमरेला मोजायची टेप. डॉक्टरांनी पोट तपासावं तसा भिंतीला हात लावतात. वाईट नाहीत. सासूबाईंनी खिडकीतून बघून विचारलं, "ही मोजपट्टी कुणाची?" झालं. आता घरात त्यांचं तेच नाव.

इंजिनवाले काका भेटले. ज्या इंजिनावर त्यांनी सगळी नोकरी केली, पिंजरे सोडले आणि ओढले, त्याच इंजिनघराचे आता पहारेकरी आहेत. म्हणाले, आधी मी इंजिनाला फिरवायचो, आता ते मला फिरवतं — सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. हसले आणि मग खोकत बसले. खोकला थांबेपर्यंत मी मनोऱ्याकडे बघत राहिले. इथे ती रीत आहे. खोकणाऱ्याकडे बघत नाहीत.

९ मार्च, सोमवार

दिवेघराचा फलक सुरू केला. कामाची पद्धत सोपी करून सांगायची:

प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला. शिफ्टला येताना खिडकीत बिल्ला द्यायचा, दिवा घ्यायचा. बिल्ला आत खुंटीला लागायचा. वर आल्यावर दिवा परत द्यायचा, बिल्ला घ्यायचा. म्हणजे शिफ्ट संपल्यावर ज्याचा बिल्ला खुंटीला, तो माणूस अजून खाली.

इतकं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी खालच्या बोगद्यात पाणी शिरलं. जुन्या खोदकामात साठलेलं, कोणाला माहीत नसलेलं पाणी. वर आले ते आले. संध्याकाळी खुंट्यांवर अकरा बिल्ले राहिले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा. पाणी उपसलं गेलंच नाही — पंप कमी पडतात, बोगदा कच्चा आहे, पुढच्या वर्षी बघू. मग खाणच बंद झाली. अकराही खालीच.

पुरायला काही नव्हतं. म्हणून आम्ही बायकांनी दिवेघरात, खुंट्यांच्या खाली, एक ओटा बांधला. मॅनेजरच्या तबेल्याची भिंत पडली होती, तिचे दगड पदरात घालून आणले. गवंडी आमच्यातलाच होता. वरून सिमेंटचा गिलावा दिला आणि ओला असतानाच ज्याच्या-त्याच्या घरच्यांनी नाव लिहिलं. कोणी काडीनं, कोणी खिळ्यानं. मी केसांतला आकडा काढून त्याच्या टोकानं लिहिलं. बावीस वर्षांची होते. शेवटचं अक्षर तिरपं गेलं. दर वर्षी त्या दिवशी जाते, तर पहिलं ते तिरपं अक्षरच दिसतं.

तो त्या सकाळी डबा न घेता गेला होता. ओट्यावर तास-तास बसून मी बाकी काही नाही, एवढंच आठवत असे — उपाशी गेला.

हे ऐंशी शब्दांत बसणार नाही. फलकावर घालायचं आहे कुठे!

१४ मार्च, शनिवार

आज बैठक. शहाणपणाची गोष्ट अशी निघाली की इमारत नुसती जतन करून चालत नाही, कोणत्या वर्षाची म्हणून जतन करायची ते आधी ठरवावं लागतं. त्याला ते 'मूळ वर्ष' म्हणतात. नवं इंजिन आलं ते वर्ष धरलंय — खाणीचा सुवर्णकाळ. सगळं त्या वर्षाचं दिसलं पाहिजे. त्यानंतर जे-जे बांधलं ते 'नंतरची भर'. ते काढायचं.

मोजपट्टीनं यादी वाचली. पत्र्याची शेड, संडास, विजेच्या तारा, दवाखान्याची फरशी. आणि 'दिवेघर, मागची भिंत, सिमेंटचा ओटा'.

मी सांगितलं तो ओटा कसला आहे. उपसंचालकांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पण अपघात मूळ वर्षानंतर वीस वर्षांनी झालेला. एक अपवाद केला तर संडासवालेही येतील, असं काहीतरी म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. म्हणाले, दुसऱ्या टप्प्यात बाहेर कुठेतरी स्मृतिस्तंभाचा विचार करता येईल.

दुसरा टप्पा! पाणी उपसणारेही पुढच्या वर्षाचंच बोलत होते.

१५ मार्च

नंतरची भर. इथली सगळी जिवंत माणसं त्यातच येतात.

२१ मार्च

सासूबाईंना सांगायला आठवडा लावला. त्या वाटाणे सोलत होत्या. ऐकलं, आणि एक शेंग किडकी निघाली ती बाजूला टाकली. म्हणाल्या, पाडू दे.

मला राग आला. इतक्या वर्षांत त्या ओट्याकडे एकदाही फिरकल्या नाहीत. लोक म्हणायचे, आईचं काळीज, बघवत नसेल. मीही तेच धरून चालले. पण 'पाडू दे'?

म्हटलं, आई, तुमचाच मुलगा आहे ना तो.

"दगड आहे तो," त्या म्हणाल्या. "दगडाला धरून तू केस पांढरे केलेस. आता सरकार सोडवतंय, तर सुट."

मग त्याच म्हणाल्या, त्या मोजपट्टीला सांग, मूळ वर्ष माझंही धरा म्हणावं, गुडघे तेव्हाचे बसवून द्या. मला हसू आलं आणि हसू आल्याचा जास्त राग आला.

२४ मार्च

अर्ज लिहिला. सह्या जमवायला निघाले. अकरा घरांपैकी इथे आता तीन. एका घरात सून आहे, तिला सासऱ्याचं नावही चाचपडत आठवलं. दुसऱ्या घरातला म्हातारा सही करतो म्हणाला आणि मग माझ्याकडे बघत बसला, कशाची सही? तिसरं आमचं.

खाली दरीतल्या गावांत राहायला गेलेल्यांना फोन केले. एकीनं, जिनं माझ्याबरोबर दगड वाहिले, फोनवर रडून घेतलं. मग म्हणाली, बाई गं, गुडघ्यांनी आता चढवत नाही, तू एक फोटो काढून पाठव. माझ्याकडे एकही फोटो नाही. समोर असलेल्या गोष्टीचा फोटो कोण काढतं?

३० मार्च

अर्ज नामंजूर. भाषा सभ्य. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलंय, ते मी सवयीनं पेन्सिलीनं दुरुस्त केलं.

२ एप्रिल, गुरुवार

डोक्यात एक गोष्ट आली आहे. लिहू की नको?

ओटा नंतरचा, म्हणून जाणार. मूळचा ठरला तर राहील. आणि आत तर जुनाच घडीव दगड आहे, तबेल्याचा. दिवेघराच्या भिंतीलाही तसलाच दगड. कोण ओळखणार? फक्त वरचं सिमेंट डोळ्यात येतं. ते मान्य करून टाकायचं. बैठकीत आणि अर्जात मी तो अकरा जणांच्या आठवणीचा एवढंच म्हटलंय, कोणी बांधला ते नाही. ओटा मूळचा, गिलावा तेवढा नंतरचा. खोट्यात एक खरा तपशील असला की ते पायावर उभं राहतं. हे मी पुढाऱ्यांची पत्रकं तपासता-तपासता शिकले, आणि तेव्हा मी ती पकडायची!

जुन्या माणसाची साक्ष लागेल. इंजिनघरात काकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला विचारलं, म्हणजे खोटं बोलायचं?

मी हो म्हटलं.

"मी खोटं नाही बोलत, सूनबाई. मी म्हातारा आहे. म्हाताऱ्याला चुकीचं आठवलं तर त्याला कोणी खोटं म्हणत नाही."

मग स्वतःच रंगात आले. लहानपणी आपण त्या ओट्यावर बसून बापाची वाट बघायचो, बाप डबा तिथेच ठेवायचा, एकदा तिथून पडून आपला दात पडला — हे सगळं मोजपट्टीला सांगायचं ठरलं. दात कोणता, ते मी त्यांना ठरवून ठेवायला सांगितलं. विचारतील.

३ एप्रिल

निवेदन लिहून दिलं. एक पान. एकही खाडाखोड नाही. याचंच जरा आश्चर्य वाटलं.

८ एप्रिल, बुधवार

ओटा राहतोय!

मोजपट्टी स्वतः घरी आली सांगायला. काकांची मुलाखत तिनं टेप केली म्हणे, दाताची गोष्ट फार आवडली. उपसंचालकांनी लगेच मान्य केलं. 'नंतरची भर'मधून काढून 'मूळ घटक'मध्ये घातलं. तिनं माझा हात हातात घेतला. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही केवढी चूक केली असती!

खुर्ची द्यायची विसरले तिला. इतकी आनंदात होते.

सासूबाई आतून ऐकत होत्या. ती गेल्यावर मला म्हणाल्या, तुला एवढं सराईत खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. रागावून नाही. जरा कौतुकानंच, मला वाटतं.

११ एप्रिल

ओट्याचा फलक. वेगळा फलक मिळालाय त्याला, अर्धा आकार, चाळीस शब्द. 'शिफ्टची वाट पाहणारे कामगार या ओट्यावर डबे ठेवत. त्यांना घ्यायला आलेली मुले इथेच बसत.' एकही शब्द खरा नाही, आणि वाक्यं माझ्या सगळ्या फलकांत सर्वांत चांगली उतरली आहेत.

नावांबद्दल काही लिहिलेलं नाही. नको. नावं आहेत तिथे आहेत. वाचणारा वाचेल.

१९ एप्रिल, रविवार

जोरात काम चालू आहे. न्हाणीघराला नव्या फरश्या आणल्या आणि जुन्या दिसाव्यात म्हणून दोन मजूर त्यांच्यावर वाळू घासतायत. इंजिनघराच्या नव्या तुळयांना काजळी फासली. काका बघत उभे होते. म्हणाले, आम्ही ही काजळी घालवायला जन्मभर साबण घासला. मजूर हसले. काका नाही हसले.

मॅनेजरच्या बंगल्यात उपाहारगृह होणार. मनोऱ्याच्या पायाशी, जिथून पिंजरा खाली जायचा, तिथे जाड काच बसवतायत. लोकांनी काचेवर उभं राहून खाली बघायचं. खाली काय दिसणार? दहा-पंधरा पायऱ्यांएवढा उजेड आणि मग पाणी.

त्या पाण्यात दिवा सोडणार आहेत. शोभेचा.

२४ एप्रिल, शुक्रवार

उद्या जिल्ह्याच्या गावी. छापखान्यात फलकांची प्रुफं तपासायची. दोन दिवस लागतील. कितीतरी दिवसांनी प्रुफं! लाल पेन शोधून ठेवलं. सासूबाईंचं दुपारचं शेजारणीवर सोपवलंय.

२६ एप्रिल, रविवार

संध्याकाळच्या बसनं आले. उतरले तशी आधी आवारात गेले, प्रुफं चांगली झाली ते मोजपट्टीला सांगायला.

दिवेघरात दोन गवंडी झाडत होते. ती कोपऱ्यात फोटो काढत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. म्हणाली, "ताई, या, या. तुम्ही सांगितलंत अगदी तसंच निघालं. बघा, गिलाव्याखाली काय घडीव दगड आहे!"

ओटा होता. स्वच्छ. धुतलेला. करडे दगड एकापाशी एक, दोन दगडांच्या मधे नवा चुना भरलेला. वर काही नाही.

मी विचारलं, गिलावा?

म्हणाली, नंतरचा होता ना, तुम्हीच लिहिलं होतंत.

मी लिहिलं होतं. मी! एक खरा तपशील घातला होता.

त्याच ओट्यावर बसले. तिला वाटलं प्रवासानं दमले. पाणी आणून दिलं.

काय बोलणार होते? नावं का काढलीत म्हणून भांडायचं, तर गिलावा आणि ओटा एकाच वेळचे हे सांगावं लागेल. ते सांगितलं की ओटा नंतरचा, आणि दगडही जातील. काकांच्या दाताचंही निघेल. पाणी प्यायले. दगड छान आहे म्हटलं.

२७ एप्रिल

पूर्ण मजकूर वाचवला आणि त्यातला एकच शब्द गाळला — असं डेस्कवर कोणी केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

२८ एप्रिल

गिलाव्याचे तुकडे कुठे टाकले ते विचारलं. गवंडी म्हणाला, गाड्या उभ्या करायच्या जागेत भर घातली, वरून रोलर फिरला. मी तिथे जाऊन आले. सपाट. खडी. एक लाल गाडी उभी होती.

मोजपट्टीला म्हटलं, काम सुरू करण्याआधीचे फोटो असतील ना? असतात. दाखवले तिनं लगेच. मनमिळाऊ आहे. दिवेघर, मागची भिंत, निकृष्ट गिलावा, काढण्यापूर्वी. फोटोत माप कळावं म्हणून ओट्यावर आडवी पट्टी ठेवलेली. बरोबर नावांवर. पट्टीच्या वर काही अक्षरांची टोकं दिसतात. कोणाची, ते ओळखता येत नाही.

१ मे, शुक्रवार

काका आले होते. दारातच उभे राहिले. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव होतं ओट्यावर, पहिल्या ओळीत; भावाचं घर इथून केव्हाच उठलं. मग म्हणाले, दाताची गोष्ट मी जरा जास्तच रंगवली, नाही का. साधी सांगितली असती तर कदाचित त्यांनी विश्वास ठेवला नसता.

मी म्हटलं, काका, तुमचं काही नाही, लिहिलं मी.

पिंजरा मी सोडला होता खाली, ते म्हणाले. कोण-कोण आत आहे ते इंजिनघरातून कधी दिसत नाही. घंटा वाजते, आपण सोडतो. मी कुणाकुणाला सोडलं ते मला त्या ओट्यावर वाचून कळलं.

सासूबाईंनी त्यांना आत बोलावलं, बसवलं. स्वतः मात्र आतल्या खोलीत गेल्या आणि ते जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

४ मे

जेवण जात नाही. सासूबाई ताटाकडे बघतात, माझ्याकडे बघतात. आज कढत दूध आणून समोर ठेवलं. मी लहान असल्यासारखं. साय आली तरी उचललं नाही.

डोळे मिटून ते तिरपं अक्षर आठवायला बघते. येत नाही. जे दर वर्षी आधी दिसायचं तेच!

७ मे, गुरुवार

फलक बसले. सातही, आणि अर्धा आठवा. एकही चूक नाही. अक्षरं सरळ, अंतर सारखं. उपसंचालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं — वेळेच्या आधी दोन दिवस. टाळ्या वाजल्या. मी नमस्कारही केला.

१० मे, रविवार

उद्घाटन झालं. ऊन चांगलं होतं. पाहुणे आले, फीत कापली, काचेवर उभं राहून सगळ्यांनी खाली बघितलं. खालचा दिवा लावला तेव्हा बाया-पोरांनी 'आहा' केलं. मी तिथून निघाले.

दिवेघरात गर्दी. खुंट्यांवर नवे पितळी बिल्ले टांगलेत, सगळे, एकही खुंटी रिकामी नाही. या रीतीनं बघितलं तर सगळी खाणच अजून खाली आहे. मोजपट्टीला हे सांगणार होते, पण तिला आज फार माणसं भेटत होती.

ओट्यावर एक कुटुंब बसलं होतं. बाईनं फलक मुलांना वाचून दाखवला आणि खरोखरच पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला. नवऱ्यानं फोटो काढला. माझं वाक्य खरं झालं.

घरी आले आणि सासूबाईंसमोर पहिल्यांदा रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्यासमोर. म्हटलं, आई, मी त्याला पुसून टाकलं. पाण्यानं राहू दिलं होतं तेवढंही मी राहू दिलं नाही. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

११ मे

सकाळी चहा होता. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तू कुणाला पुसलेलं नाहीस. तो त्या दिवशी खाली उतरलाच नव्हता. बिल्ला देऊन दिवा घेतला आणि खिंडीच्या वाटेनं वर गेला. मी दारात उभी होते. मागं वळून बघितलं त्यानं, मला बघितलं आणि दिवा विझवला."

मी विचारलं, सांगितलं का नाहीत.

"ज्याचा माणूस खाली राहिला त्याचंच घर कंपनीनं ठेवलं. आणि तू बावीस वर्षांची. विधवेला लोक बसायला जागा देतात. टाकलेलीला देत नाहीत."

मग म्हणाल्या, चहा निवतोय.

म्हणजे आता तो एकसष्ट वर्षांचा असेल.